हंडी किती उंच बांधावी?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला निमंत्रण दिले तेव्हा आम्ही नव्या कामगार संहितांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. तो आमचा नेहमीचा विषय. पण गेले वर्षभर आम्ही त्या संहितांवर कारखान्यांच्या दारात उभे राहून इतके बोललो आहो की, आता आमचे आम्हालाच ऐकवत नाही. म्हणून आम्ही विषय बदलून मागितला. दहीहंडी. चालक थोडे चमकले. वैशाखात हंडी कशाला, असे त्यांच्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारलेही. त्यांना आम्ही उत्तर दिले की, श्रावणात या विषयावर कोणी ऐकून घेत नाही. तेव्हा ढोल वाजत असतात, कमानी उभ्या असतात, पोरांचे सराव रंगात आलेले असतात, आणि त्या वेळी नियमाचा शब्द काढणारा मनुष्य सणाचा वैरी ठरतो. पाण्याचा बंधारा पाऊस पडण्यापूर्वी बांधायचा असतो, तसेच हेही आहे.

प्रथम एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. आम्ही हंडीच्या विरुद्ध नाही. लहानपणी आम्ही स्वतः दुसऱ्या थरावर उभे राहिलो आहो. तेव्हा दोन चाळींच्या मध्ये दोर ताणलेला असे, हंडी दुसऱ्या मजल्याच्या कठड्याच्या बरोबरीने लोंबत असे, आणि वरून बायका कळशीने पाणी ओतीत. तीन थर, फार तर चार. खालची बोळच इतकी अरुंद की, पडणारा मनुष्य जमिनीवर पडतच नसे. तो माणसांवर पडे. बक्षीस म्हणजे हंडीला बांधलेल्या दोनचार नोटा, केळी, काकडी, आणि नंतर कोणाच्या तरी घरी पोहे. ज्याला वर्षभर मुकादमाकडे मान वर करून पाहावे लागे, तो त्या एका दिवशी मुकादमाच्या डोक्याहून उंच उभा राही. हा आनंद ज्याने घेतला नाही त्याला त्याची किंमत कळणार नाही, आणि न्यायालयातले कागद वाचून तर मुळीच कळणार नाही.

पुढे हंडी बोळातून मैदानात आली आणि मैदानातून चौकात. आपल्या ठाणे शहराचा यात मोठा वाटा आहे. टेंभी नाक्याची हंडी प्रसिद्धच होती. मग एकामागून एक पुढाऱ्यांच्या हंड्या निघाल्या, बक्षिसाचे आकडे हजारांतून लाखांत गेले, आणि मुंबईची पथके ट्रक भरभरून ठाण्याकडे येऊ लागली. १० ऑगस्ट २०१२ रोजी जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावले. उंची भरली ४३.७९ फूट, म्हणजे १३.३४ मीटर, आणि गिनीजच्या बुकात नोंद झाली. २०२५ साली याच ठाण्यात जोगेश्वरीच्याच कोकण नगर पथकाने दहा थर उभे केले. ती बातमी ऐकली तेव्हा आम्ही चहाच्या टपरीवर होतो. आम्हीही टाळी वाजवली. खोटे कशाला सांगा? छाती फुगलीच.

पण टाळी वाजवून झाल्यावर हात खाली येतात आणि माणूस विचार करू लागतो. त्या विचाराचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण यात नियम इतक्या वेळा फिरले की, खुद्द पथकांनाही कोणत्या वर्षी काय चालू होते हे सांगता येत नाही.

२०१४ साली, ११ ऑगस्टला, मुंबई उच्च न्यायालयाने दोन बंधने घातली. अठरा वर्षांखालील कोणी थरावर चढू नये आणि मनोरा २० फुटांहून उंच नसावा. आठवडाभरात सर्वोच्च न्यायालयाने उंचीच्या अटीला स्थगिती दिली आणि वयाची रेषा बारावर आणली. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये, त्याच सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाची अठरा वर्षे आणि वीस फूट ही दोन्ही बंधने पुन्हा लागू केली. त्या वर्षी ठाण्यात उघडउघड अवज्ञा झाली, आणि दादरला तर एका पथकाने चक्क शिडी लावून हंडी फोडली. निषेध म्हणून ही कल्पना झकास होती, हे कबूल केले पाहिजे. मग २०१७ साली प्रकरण उच्च न्यायालयात परत आले. ७ ऑगस्टला न्यायालयाने सांगितले की, उंची किती असावी हे ठरविणे विधिमंडळाचे काम आहे, न्यायालयाचे नव्हे. आणि वयाबद्दल, चौदा वर्षांखालील मूल चढविणार नाही हे सरकारचे म्हणणे नोंदवून घेतले. म्हणजे वीस फुटांचा नियम गेला. तेव्हापासून वयाची रेषा आहे, उंचीची नाही.

मधल्या काळात सरकारने २०१५ मध्ये हंडीला साहसी खेळ म्हटले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये विधानसभेत तिला खेळाचा दर्जा जाहीर झाला, खेळाडूंच्या राखीव पाच टक्के नोकऱ्यांत गोविंदांनाही जागा मिळेल असे सांगण्यात आले, आणि गोविंदा दगावल्यास वारसाला १० लाख रुपये देण्याची घोषणा झाली. २०२३ साली सरकारने ५०,००० गोविंदांचा विमा उतरविला. माणशी हप्ता ७५ रुपये. त्याच वर्षी वरळीत छपराखाली, दिव्यांच्या झगमगाटात, व्यावसायिक पथकांची प्रो गोविंदा स्पर्धा सुरू झाली. चाळीतल्या काल्याचा अशा रीतीने धंदा झाला. आम्ही धंदा हा शब्द शिवी म्हणून वापरीत नाही. आमचे सगळे आयुष्य धंद्याच्या दाराशी गेले आहे. पण एखादी गोष्ट धंदा झाली की तिला धंद्याचे प्रश्न विचारावे लागतात. धोका कोणाचा, नफा कोणाचा आणि नियम कोण करतो, हे ते प्रश्न.

२०१४ साली जेव्हा वीस फुटांची अट आली, तेव्हा आम्ही तिच्याविरुद्ध बोललो होतो. एका कारखान्याच्या दारातल्या सभेत, चांगले घसा ताणून. आमचे म्हणणे असे होते की, कामगाराचा मुलगा रोज लोकलच्या दारात लोंबकळून जातो, तेव्हा कोणाला त्याच्या जिवाची काळजी वाटत नाही. आमच्या या औद्योगिक वसाहतीत कोणत्या टाकीत काय शिजते याची दाद कोणी घेत नाही. आणि वर्षातून एक दिवस तो आपल्या हौसेने चढतो तेव्हा मात्र सगळ्यांना त्याचा कळवळा येतो. सभेत टाळ्या पडल्या. आजही त्या भाषणातले निम्मे वाक्य खरे आहे असे आम्हाला वाटते. या डोंबिवलीत २०१६ च्या मे महिन्यात आणि पुन्हा २०२४ च्या मे महिन्यात रासायनिक कारखान्यांत जे स्फोट झाले, त्यांनी मैलभरावरच्या घरांच्या काचा फुटल्या. ते ज्यांनी पाहिले त्यांना त्या निम्म्या वाक्याचा पुरावा देण्याची गरज नाही.

उरलेले निम्मे चूक होते हे आम्हाला चार वर्षांनी कळले.

आमच्या संघटनेचा एक सभासद होता. नाव सांगत नाही. तो आजही आपल्यातच राहतो. वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला होता, अंगाने भरलेला, म्हणून पथकात तो नेहमी खालून दुसऱ्या थरावर. सकाळी आठला ट्रकमध्ये बसले. दुपारपर्यंत पाच ठिकाणी सलामी दिली. संध्याकाळी ठाण्यात रांग होती, तीन तास थांबले. नंबर लागला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. सात थर लागत आले आणि मधूनच मनोरा बसला. वरच्या लहान पोराला दोर लावलेला होता. तो पोरगा हवेत लोंबत राहिला आणि सुखरूप खाली आला. त्याचे छायाचित्रही निघाले. आमचा माणूस पडला नाही. त्याच्यावर माणसे पडली. चौघेजण, एकामागून एक, मानेवर आणि पाठीवर.

आम्ही दुसऱ्या दिवशी रुग्णालयात गेलो. मणक्याला मार होता. त्याची आई बाकावर बसली होती. तिने आम्हाला विचारले, "भाऊ, तुमच्या युनियनमधून काही मिळेल का?" आम्हाला उत्तर देता आले नाही. कारखान्यात पडला असता तर आम्हाला सगळी वाट पाठ होती. कोणता अर्ज, कोणत्या खिडकीवर, कोणत्या डॉक्टरचा दाखला. कामगार विमा योजनेत तो होता, म्हणून उपचार झाले; पण हा कामावरचा अपघात नव्हे, म्हणून कायमच्या अपंगत्वाचा प्रश्न आला तेथे दार बंद. मालक म्हणाला, सणात पडला. पथकाने वर्गणी काढली, ती पोरांनी मनापासून काढली, पण पोरांच्या खिशात असते किती? आणि ज्यांच्या मंचासमोर तो दबला गेला, त्यांच्याकडून दोघे जण फळे घेऊन आले. त्यांनी आम्हाला हात जोडून सांगितले की, तो स्वखुशीने आला होता, कोणी बोलावले नव्हते.

स्वखुशीने आला होता. बंधूंनो, हे वाक्य आम्ही कोठे तरी वाचले होते. रात्री घरी येऊन जुनी पुस्तके काढली. शंभर वर्षांपूर्वी गिरणीत कोणाचा हात गेला तर मालकाचा वकील हेच सांगे की, यंत्र धोक्याचे आहे हे कामगाराला ठाऊक होते आणि तरी तो कामावर आला, म्हणजे धोका त्याने पत्करला. विलायतेतल्या न्यायालयांनी हा मुद्दा पिढ्यान्‌पिढ्या मान्य केला. आपल्याकडे १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने त्याची नांगी मोडली. दोष कोणाचा हे न विचारता भरपाई द्यावी, असे तो कायदा म्हणाला. पुढे १९३८ साली आणखी एक कायदा होऊन, धोका पत्करला होता ही सबब सांगणे मालकाला आणखी अवघड करण्यात आले. आणि तेच वाक्य, फळांची पिशवी हातात घेऊन, आमच्यासमोर पुन्हा उभे राहिले होते. २०२२ आणि २०२३ मध्ये भरपाई आणि विमा आला तो चांगला झाला. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण भरपाई ही मोडलेल्या हाडाची असते. हाड मोडू नये याची व्यवस्था निराळी.

ती व्यवस्था कशी होते हे पाहण्यासाठी आम्ही आपणांला जरा दूर नेणार आहो. अमेरिकेत फुटबॉल नावाचा एक खेळ आहे. नाव फुटबॉल, पण चेंडू बहुधा हातात असतो, आणि काम म्हणजे एकमेकांच्या अंगावर धडकणे. १९०५ सालच्या एका हंगामात या खेळात अठराएक तरुण मेले असे तेव्हाच्या वृत्तपत्रांनी मोजले. हा खेळच बंद करा, अशी ओरड झाली. दुसरी बाजू म्हणाली, मर्दानी खेळ आहे, हात लावाल तर तो बायकी होईल. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट स्वतः या खेळाचे शौकीन. त्यांनी मोठ्या विद्यापीठांच्या लोकांना बोलावून घेतले आणि, थोडक्यात, घर स्वच्छ करा असे सांगितले. पुढल्या वर्षी नियम बदलले. चेंडू पुढे फेकण्यास मुभा मिळाली, त्यामुळे सगळी माणसे एका ढिगात कोसळण्याऐवजी मैदानभर पांगली. खेळ बायकी झाला काय? उलट आज अमेरिकेत त्याच्याएवढा लोकप्रिय खेळ दुसरा नाही, आणि चेंडू पुढे फेकणे हेच त्यातले सर्वांत प्रेक्षणीय अंग समजतात.

पण त्याहून मोठा धडा शिरस्त्राणाचा आहे. डोके फुटू नये म्हणून खेळाडूंना कडक प्लॅस्टिकची टोपी दिली. कवटी वाचली, हे खरे. पण टोपी डोक्यावर आली तसे खेळाडू डोके पुढे करून, भाल्यासारखे, समोरच्याच्या अंगात घुसू लागले. १९६८ साली एका वर्षात, शाळांपासून व्यावसायिक संघांपर्यंत मिळून, या खेळातल्या प्रत्यक्ष मारामुळे ३६ जण गेले. मग १९७६ मध्ये शाळा आणि महाविद्यालयांच्या खेळात डोक्याने धडकणेच बेकायदा ठरविले, टोप्याही सुधारल्या, आणि १९९० साली असा एकही मृत्यू झाला नाही. म्हणजे आधी साधन दिले तेव्हा धोका एका जागेवरून दुसऱ्या जागी गेला. वागण्याचा नियम बदलला तेव्हा तो कमी झाला. आमच्या दुसऱ्या थरावरच्या माणसाची आठवण आपणांला झालीच असेल. वरच्या मुलाला दोर लावला, छान केले. पण दोर आहे म्हणून आणखी एक थर चढविला, तर त्या थराचे ओझे कोणाच्या मानेवर?

व्यावसायिक खेळाडूंचे दुःख आणखी वेगळे निघाले. २००२ साली त्यांच्यातला एक नामांकित खेळाडू, माईक वेब्स्टर, पन्नाशीतच वारला. अखेरच्या वर्षांत त्याला धड काही सुचत नसे. त्याचा मेंदू डॉक्टर बेनेट ओमालू यांनी तपासला तेव्हा वर्षानुवर्षांच्या छोट्या छोट्या धक्क्यांनी तो आतून पोखरला गेल्याचे दिसले. संघमालकांच्या मंडळाने आधी हे उडवून लावले, पुढे हजारो माजी खेळाडू न्यायालयात गेले आणि मालकांना तडजोड करावी लागली. आता आमच्या कामाची गोष्ट ऐका. २०११ साली खेळाडूंच्या युनियनने मालकांशी जो करार केला त्यात एक कलम असे होते की, पूर्ण चिलखत घालून धडकण्याचा सराव हंगामात चौदा वेळांपेक्षा जास्त घ्यावयाचा नाही. सामन्यातला नियम कोणीही करील. पण टीव्हीवर न दिसणाऱ्या सरावात माणूस झिजतो, हे त्या झिजणाऱ्या माणसालाच ठाऊक असते. म्हणून ते कलम युनियनच्या टेबलावर जन्माला आले.

आमच्या गोविंदाला असे टेबल आहे काय? नियम न्यायालयाने केले, सरकारने केले, आयोजकांनी केले. पथकांच्या समन्वयाचे लोक मंत्र्यांना भेटतात, निवेदने देतात, ते आम्ही जाणतो. पण दुसऱ्या थरावरच्या पॅकिंगवाल्याला, बाबा रे, तुझी मान कोणत्या वेळी आणि का दुखते, असे कोणी विचारले नाही. आम्ही विचारले. त्याचे उत्तर साधे होते. सकाळची पहिली सलामी खेळ असतो, संध्याकाळची सहावी ओव्हरटाइम असतो.

हे आम्हाला कळावयास हवे होते. यंत्रात बोटे जातात ती बहुतेक पाळीच्या शेवटच्या तासात, दुहेरी पाळीत तर हटकून, हे आम्ही तीस वर्षे लोकांना सांगत आलो. आणि पोरे सकाळपासून उपाशीतापाशी, पावसात भिजलेली, ट्रकमध्ये आखडलेली, रात्री दहाला सात थर लावतात, हे पाहून आम्हाला ओव्हरटाइम आठवला नाही. सण म्हटला की डोळ्यांवर गुलाल बसतो.

उंचीचे गणितही सांगून ठेवतो. वीस फुटांवरून मनुष्य पडला तर जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास असतो; चाळीस फुटांवरून पंचावन्न. पहिला धक्का म्हणजे रहदारीतली रिक्षा समजा, दुसरा म्हणजे रिकाम्या रस्त्यावरची. दोन्ही अंगावर घेण्याजोग्या नाहीत. म्हणून वीस हा आकडा काही शुभ नव्हे. चौदा फुटांवरून डांबरावर पडून माणूस जातो आणि तीस फुटांवरून माणसांच्या गर्दीत पडून वाचतो. खाली काय आहे, हा खरा प्रश्न आहे.

स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांतात आपल्यासारखेच मानवी मनोरे रचतात. दोनशे वर्षांवरची परंपरा आहे, आणि २०१० साली युनेस्कोने तिला मानवी वारशाच्या यादीत घेतले. तेथेही दहा थर लागतात, तेथेही टोकाला मूल चढते. पण त्यांच्या पायथ्याशी शेकडो माणसे छाती पाठीला लावून इतकी घट्ट उभी राहतात की ती एक जिवंत गादी होते. त्या गर्दीला त्यांच्या भाषेत पिन्या म्हणतात. आमच्या जुन्या बोळात हेच आपोआप होई. आता चौकात मंच असतो, कॅमेऱ्याला वाट लागते, पुढाऱ्याला दिसावे लागते, म्हणून कठडे लावून माणसे मागे लोटतात आणि मनोऱ्याभोवती उघडे डांबर राहते. २००६ साली तिकडे एक बारा वर्षांची मुलगी पडून दगावली. त्यानंतर मुलांच्या डोक्यावर टोपी आली, आणि तीही टणक नव्हे, मऊ. कारण टणक टोपी खालच्याच्या तोंडावर आदळते. आणखी एक बारीक गोष्ट, जी आम्हाला फार आवडली. त्यांच्या स्पर्धेत मनोरा नुसता लागला तर कमी गुण. लागून, एकेक थर सुखरूप उतरला, तर जास्त. आमच्याकडे हंडी फुटली की सगळे कोसळले तरी गुलाल उडतो. बक्षीस वर जाण्याला आहे. खाली येण्याला काही नाही.

वयाबद्दल आम्ही फार वेळ घेणार नाही, कारण तेथे वादाला जागा थोडी आहे. १८८१ चा पहिला कारखाने कायदा झाला तेव्हा सात वर्षांखालचे मूल गिरणीत घेऊ नये, एवढेच तो म्हणाला. सात! १८९१ साली ती रेषा नवावर आली. दरवेळी कोणी तरी म्हणालेच की, गरिबाच्या पोटावर पाय येईल, मुलांची बोटे नाजूक म्हणून धागा जोडायला तीच हवीत. आज हंडीबाबत म्हणतात, मूल हलके म्हणून टोकाला तेच हवे. तर्क तोच, फक्त बोटांच्या जागी वजन. चौदाची रेषा कागदावर असताना २०२५ च्या ऑगस्टमध्ये दहिसरला सरावात पडून अकरा वर्षांचा मुलगा गेला. सणाच्या दिवशी नव्हे, सरावात. तेथे पोलीस नव्हते, रुग्णवाहिका नव्हती, कॅमेरा नव्हता. आणि त्याच वर्षी मानखुर्दला हंडीचा दोर बांधणारा माणूस उंचावरून पडून दगावला. दोर बांधणाऱ्याला तर कोणी गोविंदाही म्हणत नाही.

आमच्यावर आक्षेप येतात, ते आम्हाला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप, फक्त हिंदूंच्या सणावरच नियम का? आमचे उत्तर असे की, आम्ही सण पाहिलाच नाही, माणूस पाहिला. आणि तो दुसऱ्या थरावरचा माणूस हिंदूच होता. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे, आणि तो आम्हाला एका पथकाच्या प्रशिक्षकाने घातला. ते म्हणाले, "काका, नियम मोठ्या पथकांना परवडतात. गाद्या, टोप्या, दोर, डॉक्टर. तुम्ही नियम कराल तर सोनारपाड्याचे, सागावचे छोटे पथक बंद पडेल आणि झगमगाटवाले तेवढे राहतील." याला आमच्याजवळ पुरते उत्तर नाही. छोट्या कारखान्यांच्या बाबतीत हाच प्रश्न आम्हाला नेहमी भेटतो. एवढेच म्हणतो की, जो लाखांचे बक्षीस लावतो त्याने गादीही लावावी. खर्च पथकाच्या अंगावर टाकू नये. बक्षिसातले दोन थर कमी केले तर पुष्कळ गाद्या येतात.

आणि काही गोष्टींना पैसाच लागत नाही. चौथा थर चढू लागला की पाण्याचा मारा बंद करणे, याला काय खर्च? ओल्या खांद्यावरून पाय सटकतो हे कोणाला ठाऊक नाही? त्या वेळी कर्णे बंद ठेवणे, म्हणजे खालच्याचा आवाज वरच्याला ऐकू जाईल. कारण खालचा हलला की पहिली हाक तोच मारतो आणि ती कोणाला ऐकू येत नाही. एका दिवसात एका पथकाने मोठ्या थरांच्या सलाम्या किती द्याव्यात याला मर्यादा घालणे. आम्ही तीन म्हणतो; पथकाची पोरे चार म्हणतात; बसून ठरवू. रात्री आठनंतर पाचांपेक्षा जास्त थर नाहीत. कठडे मागे नव्हे, पुढे; माणसे जवळ. बक्षिसाचा निम्मा भाग सुखरूप उतरल्यावर. सरावाच्या जागेची आणि मुलांच्या वयाची वही, आणि ती वही पाहण्याचा अधिकार आईबापांना. वीस फुटांचा आग्रह आम्ही धरीत नाही. खाली गादी आणि माणसे असतील तर सात थरांना आमची हरकत नाही. नऊ आणि दहांना आहे, हे स्पष्ट सांगतो. आणि त्याबद्दल आमचे मित्र आमच्यावर रागावले आहेत हेही सांगतो. आमच्या घरातही यावर एकमत नाही. आमचा धाकटा पथकात आहे, आणि या भाषणाचा कच्चा कागद वाचून तो दोन दिवस आमच्याशी बोलला नाही.

तो आमचा सभासद आता पथकात चढत नाही. चढू शकत नाही. पण सराव सुरू झाला की तो काठी टेकीत मैदानाच्या कडेला येऊन बसतो. गेल्या वर्षी एका संध्याकाळी पाचवा थर लागत असता तो एकदम उठला आणि ओरडला, "डावा कोपरा बसतोय, उतरा!" पोरांना वाटले, हा घाबरला. प्रशिक्षकाने मात्र शिट्टी मारली. पोरे एकेक करून उतरली. डाव्या कोपऱ्यातल्या मुलाला दुपारपासून ताप होता, आणि त्याने कोणाला सांगितले नव्हते.

गुरुपौर्णिमेला सराव सुरू होतात. त्याच्या आदल्या रविवारी, सायंकाळी सहा वाजता, मानपाडा रस्त्यावरच्या आमच्या संघटनेच्या कचेरीत आसपासच्या पथकांची बैठक बोलावली आहे. खालच्या दोन थरांवरच्या मुलांनी अवश्य यावे, असे निरोपात मुद्दाम लिहिले आहे. आयोजकांनाही बोलावले आहे. खुर्च्या थोड्या आहेत, सतरंजीवर बसावे लागेल.